वारा फिरला, थंडी आली

ठाण्यात थंडी आल्याची पहिली वर्दी वारा देतो. पावसाळाभर नैऋत्येकडून ओलावा घेऊन येणारा वारा ऑक्टोबरमध्ये दमतो. मोसमी पाऊस आपल्या भागातून साधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो, आकाश निरभ्र होते, ओल्या जमिनीवर कडक ऊन पडते आणि पुढचे काही आठवडे आपण सगळे ‘ऑक्टोबर हीट’ असे पुटपुटत घाम पुसत राहतो. मग नोव्हेंबरच्या मध्यावर कधीतरी उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात पुढे सरकतो आणि त्याच्या मागोमाग कोरडा, गार वारा राजस्थान-गुजरात ओलांडून उत्तर कोकणात उतरतो. पहाटे खिडकी उघडावी आणि हवेत दमटपणाचा मागमूस नसावा, असा तो दिवस यंदाही उजाडला. मी त्याची मनापासून वाट पाहत होते, कारण वर्षातल्या सगळ्या ऋतूंमध्ये ठाण्याला सर्वांत शोभून दिसणारा ऋतू हाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

घरात त्याच्या खुणा आधी दिसतात. जून महिन्यापासून कधीच पुरता न वाळलेला टॉवेल सकाळी हाताला खडखडीत लागतो. मीठदाणीत गोळा होऊन बसलेले मीठ मोकळे होते. डब्यातले पापड पुन्हा कुरकुरीत राहू लागतात, कपाटाचे फुगलेले दार अडत नाही आणि ओठांवरून जीभ फिरवली की त्यांना पडलेल्या चिरा जाणवतात. पंखा आधी दोनवर येतो आणि मग एका रात्री तो कोणीतरी बंदच करते. त्या रात्री घर किती शांत असू शकते ते कळते. आम्ही येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो, रेल्वे स्थानक आमच्यापासून बरेच लांब आहे, तरीही थंडीच्या रात्री गाडीचा भोंगा अगदी स्पष्ट ऐकू येतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्या लगतची हवा गार होते आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. अशा वेळी आवाज वर निसटून जाण्याऐवजी खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. एरवी पंख्याच्या घरघरीत बुडून गेलेले ठाणे थंडीत असे ऐकू येऊ लागते.

‘ठाण्यात कुठली आलीय थंडी’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. नाशिक, पुणे किंवा नागपूरहून आलेला पाहुणा ते म्हणतो तेव्हा त्याचे काही चुकत नाही. मात्र इथेच जन्मलेली माणसे तेच म्हणतात तेव्हा मला वाईट वाटते, कारण आपल्या थंडीला आपण दुसऱ्याच्या मापाने मोजत असतो. हवामान खातेही असे करत नाही. सपाट प्रदेशात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जावे लागते. किनारपट्टीवर मात्र पारा १५ अंशांवर किंवा त्याखाली उतरला आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असला, तर ती थंडीची लाट धरता येते. समुद्र जवळ असतो तिथे त्याची ऊब रात्रीची हवा फार निवू देत नाही, हे त्या मापात गृहीत धरलेले असते. मुंबईत सांताक्रूझला जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरीने १६-१७ अंशांच्या आसपास असते. त्याच सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदवले गेले होते आणि तो नीचांक अजून टिकून आहे. ठाणे खुल्या समुद्रापासून आणखी आत आहे. आपल्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि त्यामागे राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आहे, पूर्वेला खाडी आणि तिच्यापलीकडे पारसिकची रांग आहे. त्यामुळे कुलाब्यात लोक साध्या सदऱ्यात फिरत असतात, तेव्हा उपवन तलावाच्या काठावर फिरायला आलेल्या आजोबांच्या डोक्यावर माकडटोपी असते आणि ती उगीच नसते. बदलापूर-कर्जतकडे तर ती आणखी लवकर बाहेर निघते.

आपली थंडी सौम्य आहे आणि थोडक्या दिवसांची आहे, हे मला मान्य आहे. तिचे सौंदर्यही मला त्यातच वाटते. ती माणसाला घरात कोंडून घालत नाही, उलट बाहेर बोलावते. मे महिन्यात आपण सावली शोधतो आणि जुलैत आडोसा शोधतो. डिसेंबरात मात्र काहीही न शोधता रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहता येते. माझ्या सासूबाई संधिवातामुळे एरवी जिन्याखाली उतरायला नाखूश असतात, आणि थंडीत सांधे जास्त धरतात अशी त्यांची तक्रारही असते. तरी नऊच्या उन्हात सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायला त्या स्वतःहून तयार होतात. ‘चल गं, ऊन आलंय,’ असे त्यांनी म्हटले की मी हातातले काम बाजूला ठेवते.

ऊन हा आपल्या थंडीचा मोठा ठेवा आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आमची गॅलरी दक्षिणेकडे तोंड करून आहे. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे गॅलरीच्या फरशीवर उन्हाची जेमतेम एक पट्टी पडते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास ठाण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो, म्हणजे आकाशाच्या निम्म्या उंचीपर्यंतच चढतो. मग त्याचे तिरपे किरण गॅलरी ओलांडतात, उंबरठा ओलांडतात आणि बैठकीच्या खोलीत थेट समोरच्या भिंतीवरच्या घड्याळापर्यंत पोहोचतात. त्या उन्हात धूळ दिसते, सतरंजीचा विटलेला रंग दिसतो, काचेच्या बरणीतल्या आवळ्याच्या फोडी आतून उजळलेल्या दिसतात. वर्षभर ट्यूबलाइटच्या उजेडात वावरणाऱ्या घराला दीड-दोन महिने असे दान मिळते. बिल्डरच्या जाहिरातींत डोंगर दिसतो, तलाव दिसतो, पण हिवाळ्यात कोणत्या खोलीत किती वाजता ऊन येईल ते कोणी छापत नाही. घर घेताना मी आता तेच आधी विचारीन.

सूर्याच्या वेळांचीही या दिवसांत एक गंमत असते. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला येतो, म्हणून सूर्यास्तही त्याच दिवशी सर्वांत लवकर होत असेल अशी आपली समजूत असते. आपल्याकडे तो नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांतच सर्वांत लवकर, सहाच्या सुमारास होतो आणि डिसेंबरात हळूहळू पुढे सरकू लागतो. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिरा होत जाऊन सव्वासातपर्यंत पोहोचतो. सकाळच्या सत्रातली मुले संक्रांतीच्या आसपास अंधारात शाळेच्या बसची वाट पाहत उभी असतात, ती यामुळेच. येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांना पंचांगातला सूर्यास्त मिळतच नाही. डोंगरामुळे आमच्याकडे पाचच्या पुढे सावल्या उतरू लागतात आणि पलीकडे पारसिकच्या माथ्यावर मात्र पिवळे ऊन बराच वेळ रेंगाळत असते.

थंडीच्या आधी सुगंध येतो. ऑक्टोबरच्या अखेरीस सातवीण फुलते आणि रात्री नऊनंतर रस्त्यावर तिचा जड, गोडसर वास भरून राहतो. काहींना तो सहन होत नाही, डोके दुखते, याची मला कल्पना आहे. मला मात्र त्या वासाशिवाय दिवाळी आणि थंडी यांच्यामधला काळ पुरा झाल्यासारखा वाटत नाही. तिचा बहर ओसरता ओसरता बूच फुलतो. जुन्या सोसायट्यांच्या आवारात हे उंच, सडसडीत झाड असते आणि एरवी त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. त्याची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. एक फूल हातात घेऊन पाहिले तर बोटाएवढी लांब, काडीसारखी बारीक पांढरी नळी दिसते, तिच्या टोकाला मेणासारख्या चार-पाच पाकळ्या असतात आणि मधून पुंकेसर डोकावत असतात. नळी इतकी लांब असते की सुई-दोऱ्यावाचून नुसत्या नळ्या एकमेकींत गुंफून वेणी करता येते. आमच्या लहानपणी आम्ही मुली शाळेत जाताना ती करत असू. यंदा इमारतीखाली दोन लहान मुली ती फुले वेचताना दिसल्या, तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून वेणी करून दाखवली. ‘काकू, अजून एक,’ असे म्हणत त्यांनी मला चांगलेच गुंतवून ठेवले आणि त्या दिवशी घरची पोळी-भाजी उशिरा झाली.

येऊरच्या रस्त्याने पहाटे वर जाणे हा थंडीतला माझा सर्वांत आवडता उद्योग आहे. चौकी ओलांडून पुढे गेले की पहिल्या वळणापाशी हवेत एकदम फरक जाणवतो. झाडांखालची गार हवा उताराने खाली येत असते आणि ती आधी पोटऱ्यांना लागते. पावसाळ्यात गळ्यापर्यंत वाढलेले गवत आता पिवळे पडलेले असते आणि त्याच्या तुऱ्यांवर दव असते. ओढ्याचे पाणी आटत आलेले असते, आणि त्यातल्या दगडांवर शेपटी वरखाली हलवत करडा धोबी फिरत असतो. हा पक्षी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच तो हजर होतो, म्हणजे आपल्याला थंडीची चाहूल लागण्याच्या कितीतरी आधी त्याला ती लागलेली असते. त्याच्या मागून माशीमार येतात. फांदीवरून उडायचे, हवेतच कीटक पकडायचा आणि परत त्याच फांदीवर येऊन बसायचे, हा त्यांचा खेळ पाहत मी अनेकदा रस्त्याच्या कडेला उभी राहिले आहे. पाटोणपाड्याच्या बाजूने डोक्यावर टोपली घेऊन खाली उतरणाऱ्या बायका या वेळी भेटतात. पावसाळ्यात त्यांच्या टोपलीत रानभाज्या असतात, आता करांदे असतात. मातकट, ओबडधोबड दिसणारा हा कंद उकडून मिठाबरोबर खाल्ला की थोडी कडवट, पिठूळ चव जिभेवर राहते. ज्यांनी तो कधी खाल्ला नाही त्यांनी या थंडीत जरूर खाऊन पाहावा.

शहराच्या दुसऱ्या अंगाला खाडी आहे आणि थंडीचे खरे वैभव तिथे उतरते. ठाणे खाडीतला १,६९० हेक्टरांचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्या दाराशी असलेल्या चिखलाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान मिळावा, याचा मला ठाणेकर म्हणून मनापासून अभिमान वाटतो. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, कच्छच्या रणातून आणि गुजरातेतल्या पाणथळ जागांवरून इकडे येतात. त्यांचे थवे साधारणपणे नोव्हेंबरपासून दिसू लागतात, पुढे त्यांची संख्या वाढत जाते आणि ते मे-जूनपर्यंत मुक्काम करतात. यांत मोठा रोहित आणि लहान रोहित असे दोन प्रकार आहेत आणि खाडीत गर्दी असते ती मुख्यतः लहान रोहितांची. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते त्यावर पसरून चरतात, भरतीचे पाणी चढले की नवी मुंबईतल्या सीवूड्स-नेरुळकडच्या पाणथळींत जाऊन विसावतात. खाडी आणि या पाणथळी म्हणजे त्यांच्या एकाच घराच्या दोन खोल्या आहेत. त्यांतली एक बुजवून दुसरी राखता येणार नाही.

त्यांचे चरणे जवळून पाहण्यासारखे असते. मान खाली घालून पक्षी आपली चोच चक्क उलटी करून पाण्यात बुडवतो, म्हणजे वरची चोच खाली येते. जीभ दट्ट्याप्रमाणे पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते, आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक दातेरी पडद्यांत शेवाळाचे सूक्ष्म कण अडकून राहतात. त्यांचा गुलाबी रंग याच अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो. म्हणूनच थव्यात मधूनमधून दिसणारी वर्षा-दोन वर्षांची पिल्ले करडी असतात. दुर्बिणीतून पाहिले तर एकाच थव्यात करड्यापासून गडद गुलाबीपर्यंत सगळ्या छटा सापडतात आणि कोणता पक्षी किती मोठा झाला आहे याचा अंदाज बांधता येतो. ऐरोलीला वनविभागाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून बोटीच्या फेऱ्या निघतात. बोट पुढे जाते तसे दोन्ही बाजूंना तिवरांची गर्द रांग लागते आणि डोक्यावरून कुरव पक्षी (सीगल) ओरडत जातात. या कुरवांना शेव-गाठिया टाकण्याची जी प्रथा पडली आहे ती थांबायला हवी, असे मी हात जोडून सांगेन. मध्य आशियातल्या उंच पठारांवरून हजारो मैल उडत आलेल्या पक्ष्याला खाडीत त्याचे अन्न मिळते, तळणीतले पदार्थ त्याच्यासाठी नाहीत.

इतके सुंदर सारे सांगताना हवेबद्दल गप्प बसणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जमिनीलगत गार हवेचा जो थर बसतो आणि ज्याच्यामुळे रात्री गाडीचा भोंगा स्पष्ट ऐकू येतो, त्याच थराखाली बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर कोंडून राहतो. पावसाळ्यात पाऊस हवा धुऊन काढतो आणि उन्हाळ्यात समुद्राकडून येणारा जोरदार वारा ती हलती ठेवतो. थंडीत यांपैकी काहीच नसते, म्हणून सकाळी डोंगर दिसेनासा होतो तेव्हा त्यातले धुके किती आणि धूळ किती हे सांगणे अवघड असते. घोडबंदर रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या मुलाला डिसेंबर-जानेवारीत श्वासाचा त्रास होतो. ज्या ऋतूत मुलांनी मैदानावर असायचे त्या ऋतूत त्याला खिडक्या लावून घरात ठेवावे लागते, याचे मला फार दुःख होते. ढिगाऱ्यांवर पाणी मारणे, ट्रकवर ताडपत्री टाकणे, कचरा न जाळणे ही कामे साधी आहेत आणि ती नोव्हेंबरच्या आधी सुरू झाली तर उपयोगी पडतात. आमच्या सोसायटीचे रखवालदार रात्री शेकोटी पेटवत आणि हाताला लागेल ते, प्लास्टिकसुद्धा, तीत टाकत. आम्ही काही जणांनी मिळून त्यांना जाड स्वेटर, घोंगड्या आणि चहाचा थर्मास दिला, तेव्हा ती शेकोटी आपोआप बंद झाली. ज्यांची रात्र उघड्यावर जाते त्यांना आपली ही सौम्य थंडीही बोचते, हे त्यांच्याशी बोलताना मला अधिक नीट उमगले.

मंडईकडे वळते, कारण थंडीचा विषय आणि जेवणाचा विषय मला वेगळे करता येत नाहीत. जांभळी नाक्याच्या बाजारात या दिवसांत जाणे म्हणजे डोळ्यांना मेजवानी असते. मटारचे ढीग, लाल गाजरे, तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, वालपापडी, जांभळ्या रंगाचे कोनफळ, ओली हळद, आंबेहळद, आवळे आणि बोरे एकाच गल्लीत मांडलेली असतात. पलीकडे फुलांच्या ओळीत पिवळी आणि पांढरी शेवंती असते आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिचा भाव एकदम चढतो. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि भाकरी होते. भोगीला तर या ऋतूतल्या जवळजवळ सगळ्या भाज्या एका कढईत येतात आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोण्याचा गोळा असतो. मेथीचे आणि डिंकाचे लाडू करायलाही हाच काळ योग्य असतो, कारण कोरड्या हवेत ते टिकतात आणि थंडीत वाढलेली भूक ते पचवते. डिंक तुपात तळताना तो फुलून पांढरा होईपर्यंत आच मंद ठेवावी लागते. घाई केली तर तो आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.

तरीही आपल्या भागातल्या थंडीचा सर्वांत अस्सल पदार्थ कोणता असे कोणी विचारले, तर मी पोपटीचे नाव घेईन. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात भाताची कापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही, रात्रीचे दव आणि जमिनीतली ओल यांवर तो वाढतो. डिसेंबरच्या अखेरीपासून शेंगा भरू लागतात आणि मग शेताच्या बांधावर पोपटी लागते. माझी आत्या पनवेलजवळच्या गावात राहते आणि आमची पोपटी तिच्या शेतावर होते. आधी भांबुर्ड्याचा पाला गोळा करायचा. ही बांधावर आपोआप उगवणारी वनस्पती आहे आणि तिच्या पानांना उग्र, किंचित ओव्यासारखा वास असतो. मडक्याच्या तळाशी तो पाला दाबून भरायचा, त्यावर वालाच्या अख्ख्या शेंगा, जाडे मीठ आणि ओवा टाकायचा, मध्ये बटाटे, कांदे, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी ठेवायची आणि पुन्हा शेंगांचा थर द्यायचा. शेवटी मडक्याचे तोंड पाल्याने गच्च बंद करायचे आणि मडके उपडे ठेवून चारी बाजूंनी पेंढा, काटक्या आणि गोवऱ्या रचून जाळ करायचा. पाण्याचा एक थेंबही घालायचा नसतो, कारण शेंगा आणि पाला यांच्या अंगच्या ओलाव्याच्या वाफेवरच सगळे शिजते. अर्ध्या-पाऊण तासाने आत्या मडक्यावर पाण्याचा हात मारते. पाणी चर्र करून लगेच उडून गेले की पोपटी झाली असे ती समजते. मग मडके काठीने बाजूला घेऊन कागदावर उलटे करायचे. आत शिरलेला धूर, भांबुर्ड्याचा वास आणि ओव्याची तिखट ऊब एकदम अंगावर येते. शेंग दोन बोटांत दाबली की मऊ, खारट दाणा सुटून तोंडात येतो. बोटे काळी होतात, पाठीला वारा झोंबत असतो, समोरून निखाऱ्यांची धग येत असते. कोणी फारसे बोलत नाही, कारण सगळ्यांचे लक्ष शेंगांवर असते.

शेतावरच्या अशा रात्री आकाशही नीट दिसते, पण ठाण्यातल्या गच्चीवरूनही थोडेफार पाहता येते. डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास पूर्वेला तोंड करून उभे राहिले की वर कृत्तिकांचा पुंजका, त्याखाली लालसर रोहिणी, त्याखाली मृगाची चौकट आणि तिच्या पोटात एका रेषेत घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण दिसतो. थोड्या वेळाने क्षितिजावर झगझगीत व्याध वर येतो, ज्याने हा बाण मारला असे आपल्याकडे सांगतात. इमारतींचे दिवे कितीही असले तरी एवढे तारे दिसतातच. शेतकरी ज्या मृग नक्षत्राची जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसासाठी वाट पाहतो तेच हे नक्षत्र. जूनमध्ये सूर्य त्याच्या भागात असतो, म्हणून तेव्हा ते दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला येते आणि ते रात्रभर आपल्या डोक्यावर असते. पावसाचे नक्षत्र डोळ्यांनी पाहायचे तर थंडीतच पाहावे लागते, हे मला वडिलांनी गच्चीवर उभे करून दाखवले होते आणि आता मी ते माझ्या मुलाला दाखवते.

जानेवारीत शहराची संध्याकाळही बदलते. नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला भरते. शाल पांघरून बसलेले श्रोते वक्त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकतात. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर जागा मिळत नाही, कचराळी तलावाला फिरणाऱ्यांची रांग लागते, भाजलेले शेंगदाणे आणि मक्याची कणसे विकणाऱ्यांभोवती माणसे हात शेकत उभी असतात. त्याच सुमारास जुन्या वाड्यांमध्ये टिकून राहिलेल्या आंब्यांना मोहोर येतो. आंब्याला मोहोर धरायला रात्रीची थंडी लागते, ती चांगली पडली नाही तर कोकणातले बागायतदार डिसेंबरातच काळजीत पडतात. मे महिन्यातल्या आपल्या ताटातल्या आमरसाचा निकाल असा या गार रात्रींतच लागतो. ‘कुठली आलीय थंडी’ म्हणणाऱ्यांना मी आता हेही सांगते.

यंदाचे माझे बेत ठरले आहेत. ऐरोलीच्या फेऱ्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघतात, म्हणून डिसेंबरातल्या सोयीच्या भरतीच्या तारखा काढून ठेवल्या आहेत आणि सासूबाईंनाही सोबत नेणार आहे. कोनफळ आणून ठेवले आहे, डिंक आणायचा आहे. पोपटीसाठी कालच आत्याला फोन केला, तर ती म्हणाली, ‘शेंग अजून चपटी आहे गं, दाणा भरू दे. संक्रांत झाली की पुढच्या रविवारी या सगळे, आणि मडकं तुमच्याकडून आणा, इथलं गेल्या वर्षी तडकलंय.’ मडके घ्यायला मी या शनिवारी बाजारात जाणार आहे.